भाच्याची सागवानी गिटार आणि वायरच्या रंगांचा घोळ

गिटार आली ती सोलापुरी चादरीत गुंडाळून. केस वगैरे काही नाही. चादर सोडली, गिटार उचलली आणि मी म्हटलं अरे ही गिटार आहे का पाटा! पाच किलोच्या वर भरली. सागवान आहे ना. भाच्याच्या मित्राचा नारायण पेठेतला वाडा पाडला तेव्हा त्यातली एक तुळई या पोरांनी भंगारवाल्याच्या आधी गाठली, भवानी पेठेत टिंबर मार्केटला नेऊन फळ्या पाडून आणल्या आणि बाकीचं सगळं कोथरूडला ताईच्या गच्चीवर, दोन महिने, शेजाऱ्यांच्या शिव्या खात. नेक (मान) तयार विकत घेतलेला, बॉडी घरची. सुतारकाम खरंच नंबरी होतं, कडा गोल केलेल्या, तेल पाजलेलं. घोळ सगळा आत होता, प्लेटच्या खाली.

मी भोसरीला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, गिटार मला वाजवता येत नाही, पण वायरिंग म्हटलं की घरातले सगळे माझ्याकडे येतात, मिक्सर असो नाहीतर गिटार. फिरोदियाची, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धेची, प्रॅक्टिस सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेले आणि पोरगा रडकुंडीला आलेला. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण यातली प्रत्येक चूक मी आणखी कुणाच्या ना कुणाच्या घरगुती गिटारीत पाहिलेली आहे, फक्त सगळ्या एकाच गिटारीत कधी पाहिल्या नव्हत्या. आणि शेवटची तर माझी स्वतःची आहे.

तर आत काय होतं ते आधी सांगतो. नेकच्या बाजूला एक सिंगल कॉइल पिकअप (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून तिची वीज करणारा भाग), चकचकीत धातूची टोपी असलेला, टेलिकास्टर गिटारीला पुढे असतो तसला. ब्रिजपाशी, जिथे तारा बॉडीवर टेकतात तिथे, हंबकर, म्हणजे दोन कॉइलवाला. तीन पोझिशनचा पट्टीवाला स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन, एक जॅक. बस. याच्यापेक्षा साधं वायरिंग नसतं. दोन्ही पिकअप ऑनलाइन मागवलेले, बिनब्रँडचे, डब्यात कागदाचा चिटोराही नाही.

तक्रारी भाच्याच्या शब्दांत: ब्रिजचा पिकअप एवढा मोठा असून त्याचा आवाज बारीक आणि वर गुंईंई. नेकच्या टोपीला बोट लागलं की भुर्रर्र. तारांना हात लावला की सगळ्यांच्या गिटारीचा हम, म्हणजे अँपमधला गुणगुणाट, कमी होतो, याच्या गिटारीचा होत नाही. व्हॉल्यूमचा नॉब दहावरून तीनपर्यंत फिरवला तरी ढिम्म, आणि तिथून खाली एकदम गायब. टोन शून्यावर नेला की डोक्यावर गोधडी घेतल्यासारखं.

"मामा, मी चार वेळा सगळं परत सोल्डर केलंय," तो म्हणाला. ते दिसतच होतं. पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या रेझिस्टरच्या, पाठीवर सोल्डरचे असे ढीग की मागून पॉट ओळखू येईना, आणि वायरींची टोकं भाजून काळी पडलेली. मी म्हटलं आता आयर्नची पिन काढ बोर्डातून आणि मीटर आण.

पहिलं काम आम्ही केलं ते काहीही न सोडवता. जॅकमध्ये केबल घातली, व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही फुल, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर मीटर लावला ओहमवर, एक टोक शेंड्याला, एक बुडाला. मग स्विच तिन्ही जागी फिरवायचा. आवाज ज्या वाटेने अँपपर्यंत जातो त्याच वाटेने तुम्ही उलटे चालत पिकअपपर्यंत जाता. पॉट समांतर असतो त्यामुळे आकडा किंचित कमी येतो, पण पाच लाख ओहमसमोर सात-आठ हजार म्हणजे फरक नगण्यच. आमचे आकडे आले नेकवर ६.८ के (के म्हणजे हजार ओहम), मधे २.५ के, ब्रिजवर ४.१ के. मधे दोन्ही पिकअप समांतर जोडले जातात, त्यामुळे तिथला आकडा दोघांपेक्षा कमी येणं बरोबर आहे. म्हणजे स्विच ठीक. पण ब्रिजचा ४.१ वाचला आणि मी थांबलो. साध्या हंबकरचा आकडा साधारण साडेसात-आठ केच्या आसपास असतो. इथे बरोबर निम्मा. निम्मा म्हटलं की एक कॉइल.

लाल म्हणजे हॉट?

हंबकर काय भानगड आहे ते दोन ओळीत. सिंगल कॉइल म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे, गिटारची तार हलली की त्यात इवलासा व्होल्टेज येतो. पण ते वेढे म्हणजे उत्तम अँटेना पण आहे, घरातल्या ५० हर्ट्झच्या लाइटचा गुणगुणाट ते आनंदाने पकडतात. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला त्या पिकअपमध्ये दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीचा चुंबक दुसरीच्या उलटा आणि जोडणीही उलटी. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरचा हम एकमेकांना मारतो. म्हणून हंबकर. त्यातली एक कॉइल बंद पडली की आवाज निम्मा आणि हम पूर्ण, म्हणजे भाच्याची पहिली तक्रार जशीच्या तशी.

त्याच्या हंबकरमधून पाच टोकं निघत होती. लाल, हिरवी, काळी, पांढरी आणि एक उघडी तार. "लाल हॉट, काळी-पांढरी एकमेकींना जोडून टेप, हिरवी आणि उघडी ग्राउंडला," त्याने पाठ म्हणून दाखवलं. हॉट म्हणजे आवाज नेणारी वायर, ग्राउंड म्हणजे परतीची. आकृती चुकीची नव्हती. फक्त ती डिमार्झिओ या पिकअप बनवणाऱ्या कंपनीच्या रंगांची आकृती होती. सिमोर डंकन ही दुसरी कंपनी, तिच्या पिकअपला हेच चार रंग असतात आणि अर्थ वेगळा असतो: काळी हॉट, लाल-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंड. आणि स्वस्तातला बिनब्रँडचा पिकअप कुणाचे रंग उचलेल ते त्या कारखान्यालाच माहीत. घरातल्या लाइटच्या वायरिंगची सवय असते आपल्याला, लाल फेज, काळी न्यूट्रल, त्यामुळे लाल दिसली की हात आपोआप तिला हॉट मानतो.

मग चारही वायरी सोडवल्या आणि जोड्या लावून मोजल्या. काळी-पांढरी ४.१ के. लाल-हिरवी ४.१ के. बाकी कुठलीही जोडी ओपन, म्हणजे आत जोडलेलीच नाही. म्हणजे काळी-पांढरी एका कॉइलची दोन टोकं आणि पोराने तीच दोन टोकं एकमेकांना जोडून वर टेप मारली होती. ती कॉइल स्वतःच्याच शेपटीला चावून बसलेली. लोक पैसे देऊन एक कॉइल बंद करायचा स्विच लावून घेतात, कॉइल स्प्लिट म्हणतात त्याला, आमच्याकडे तो कायमचा आणि नकळत लागलेला होता.

आता दोन कॉइल कळल्या, पण कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडायचं हे ओहम सांगत नाही. इथे बाबांचा जुना काट्याचा मीटर कामी आला. डिजिटलवर पण जमतं पण आकडे नाचतात आणि डोळा चुकतो, काटा कसा स्पष्ट एका बाजूला लाथ मारतो. मीटर डीसीच्या सगळ्यात खालच्या रेंजवर, त्याची दोन टोकं एका कॉइलला, आणि लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिकअपच्या खांबांवर चटकन टेकवायचं. टेकवलं की काटा एकीकडे उडतो, उचललं की दुसरीकडे. फक्त टेकवतानाची बाजू लक्षात ठेवायची. लाल-हिरवीवर, लाल प्लसला धरल्यावर काटा उजवीकडे. काळी-पांढरीवर, काळी प्लसला धरल्यावर उजवीकडे. म्हणजे प्लसची टोकं लाल आणि काळी, मायनसची हिरवी आणि पांढरी. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, टॉर्चमध्ये सेल टाकतो तसं. पांढरी आणि लाल जोडली, बाहेर उरल्या काळी आणि हिरवी, त्यांच्यामध्ये ८.२ के. तेच डंकनचे रंग निघाले. भाचा म्हणाला मग आधीच डंकनची आकृती घेतली असती तर? म्हटलं घेतली असतीस तर या वेळी लागली असती, पुढच्या पिकअपला तिसऱ्याच कुणाचे रंग असतील.

पडसं झालेला आवाज

टोपीची भानगड कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. गिटार पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा टोपीला हात लावल्यावर काही होत नव्हतं, पण स्विच मधे टाकला की आवाज अगदी पातळ, नाकातून आल्यासारखा. ताईचे सासरे तबला वाजवतात, त्यांनी पेपर खाली न ठेवता निदान केलं, "याला पडसं झालंय." कान असावा तर असा. ते पडसं म्हणजे फेज उलटी असणं. तीच तार दोन्ही पिकअपवर थरथरते, पण एक पिकअप त्याच थरथरीला प्लस म्हणतो आणि दुसरा मायनस, मधल्या पोझिशनला दोघांची बेरीज झाली की खर्ज एकमेकांत जिरतो आणि उरतं ते किनरं. एकेकटा वाजवला तर दोन्ही पिकअप ठणठणीत, म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो.

कॉलेजमधल्या कुणीतरी सांगितलं की एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या कर. सल्ला शंभर टक्के बरोबर. याने नेकचा पिकअप निवडला कारण त्याला दोनच वायरी, सोपं. पडसं गेलं, आणि भुर्रर्र आलं.

नेकचा पिकअप काढून उलटा केला की उत्तर दिसतं. टोपीपासून एक बारीकशी तार काळ्या वायरच्या टोकाला सोल्डर केलेली असते. काळी ग्राउंडला आहे तोपर्यंत टोपी ग्राउंडला, पिकअपभोवती छान चिलखत. वायरी उलट्या केल्या की काळी झाली हॉट, आणि तिच्याबरोबर टोपी पण हॉट. मग टोपीला बोट लावणं म्हणजे अँपला लावलेल्या केबलच्या शेंड्याला बोट लावणं, तसाच भुर्रर्र येणार. यावर दोन उपाय. एक म्हणजे ती बारीक तार कापून टोपीला वेगळी तिसरी वायर द्यायची आणि ती ग्राउंडला न्यायची. दुसरा, नेकला पूर्ववत करायचं आणि हंबकरला उलटं करायचं. पहिल्यात त्या बारीक तारेच्या शेजारीच कॉइलची केसासारखी टोकं असतात, आयर्न घसरलं तर पिकअप गेला, आणि आमच्या घरात आयर्न घसरण्याचा इतिहास आहे. हंबकर तसाही सगळा सुटलेलाच होता.

काट्याच्या मीटरवर नेकला पण तीच परीक्षा दिली, पांढरी प्लसला धरून स्क्रू ड्रायव्हर टेकवला, काटा डावीकडे. म्हणजे नेकची पांढरी हॉट ठेवायची तर हंबकरची हॉट हिरवी हवी आणि काळी ग्राउंडला. इथे एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून. सगळ्या आकृत्यांमध्ये हिरवी आणि उघडी तार एकत्र पिळून ग्राउंडला नेलेली असते. उघडी तार कॉइलची नाहीच, ती पिकअपच्या पत्र्याची आणि वायरच्या जाळीची. हिरवीला हॉट करताना उघडी तिच्याबरोबर वर नेली तर नेकच्या टोपीचीच गोष्ट हंबकरच्या पत्र्याबरोबर पुन्हा. म्हणून पीळ सोडवला, हिरवी स्विचला, काळी ग्राउंडला, उघडी वेगळी ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना आणि वर स्लीव्ह. केबलच्या टोकावर आता ६.८, ३.७ आणि ८.१. वाजवून बघितलं, मधल्या पोझिशनला भरदार, गोल. सासरेबुवा तेव्हा आमच्याकडे नव्हते नाहीतर सर्टिफिकेट घेतलं असतं.

पॉट आणि कॅपॅसिटर, पटकन

हे तपकीर गल्लीतलं, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं प्रकरण. तिथे जाऊन याने "५०० केचे दोन पॉट द्या" म्हटलं आणि दुकानदाराने दिले, त्याच्या बाजूने व्यवहार चोख. पॉटवर लिहिलेलं बी ५०० के. बी म्हणजे लिनिअर, ए म्हणजे लॉग, ज्याला ऑडिओ पॉट म्हणतात. आपला कान मोठा विचित्र आहे, व्होल्टेज निम्मं केलं तरी त्याला आवाज जरासाच उतरल्यासारखा वाटतो, त्यामुळे लिनिअर पॉट अर्धा फिरवून पण काही घडलं असं वाटत नाही आणि खरी उतरण सगळी शेवटच्या टोकाला कोंबली जाते. व्हॉल्यूमला ए ५०० के टाकला, मीटरवर तो ४६१ भरला, एवढं इकडे तिकडे असतंच. टोनला जुनाच ठेवला. सिंगल कॉइलला लोक २५० के लावतात, ५०० ने आवाज थोडा जास्त झळझळीत येतो. भाच्याला तो झळझळीतपणा आवडला, त्याची गिटार त्याचे कान.

टोनच्या कॅपॅसिटरवर छापलेलं २२४. असले छोटे कॅपॅसिटर वाचायची पद्धत अशी की पहिले दोन आकडे आणि मग तिसऱ्या आकड्याएवढी शून्यं, उत्तर पिकोफॅरडमध्ये. २२४ म्हणजे २२ वर चार शून्यं, ०.२२ मायक्रोफॅरड. हवा होता २२३, म्हणजे ०.०२२. दहापट मोठा कॅप लागल्यावर टोन शून्यावर नेला की नुसती झळाळी उतरत नाही, वरच्या तारांचे मूळ सूरच कापले जातात, पहिली मोकळी तार ३३० हर्ट्झच्या आसपास असते ती सुद्धा वाचत नाही. म्हणून गोधडी. दोन-पाच रुपयांचा २२३ लावला आणि काम झालं. यावर लगेच कुणीतरी सांगेल की अमुक जुना तेलातला कॅप लाव, आवाजात जादू येते. मला आजवर ऐकू आलेली नाही. किंमत तेवढी कापरं भरवणारी असते.

सोल्डरचं एवढंच की २५ वॅटच्या आयर्नने पॉटच्या पाठीवर ग्राउंड सोल्डर करू नये. पॉटचा पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो, सोल्डर वर गोळी होऊन बसतं, करडं, ओढलं की निघतं. याच्या पाचातल्या तीन गोळ्या मी नखाने उचकटल्या. पॉलिश पेपरने पाठ घासली, ६० वॅटचं आयर्न, आधी पत्रा तापवला, मग सोल्डर दिलं, ते पाण्यासारखं पसरलं. आणि पेस्ट रोझिनवाली. नळाच्या कामाची अॅसिडवाली लावली तर वर्षभरात हिरवं चढतं.

तारांचं ग्राउंड आणि झिणझिण्या

ही तक्रार मला सगळ्यात सोपी वाटली होती. ब्रिजच्या खालून एक वायर ग्राउंडला आणायची, म्हणजे तारा ग्राउंडला येतात, वाजवणाऱ्याचा हात तारेवर असतो तेव्हा त्याचं अंग पण ग्राउंडला येतं आणि हम उतरतो. मीटर लावला, तारेपासून जॅकच्या बुडापर्यंत ओपन. म्हटलं वायर ब्रिजखाली नीट दबली नसेल. प्लेट उचलून बघतो तर वायर आहे, ब्रिजपासून व्यवस्थित आलेली, आणि पॉटजवळ कटरने कापून वर टेप.

"हे कोणी केलं?"

"मीच. शॉक बसत होता."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. कुठे बसत होता विचारलं तर सदाशिव पेठेत मित्राच्या खोलीवर, प्रॅक्टिसला. तारांना हात लावला की झिणझिण्या, पायात चप्पल नसली की जास्त. एका सीनियरने सांगितलं ब्रिजची वायर तोड, जाईल. गेल्या. म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडला.

गिटारीत स्वतःची वीज जवळपास नाहीच, मिलिव्होल्टचा खेळ. तारेवर करंट येतो तो केबलच्या जाळीतून, अँपच्या चासीवरून, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावरून. चासीला अर्थिंग नसेल तर अँपच्या पॉवर सप्लायमधून जी थोडीशी गळती होते ती जमिनीत जायला वाट शोधते, आणि वाट म्हणजे वाजवणारा. तेवढ्याने झिणझिण्याच येतात. पण अँपमध्ये खरोखर काही बिघडलं, फेज चासीला लागला, तर त्याच वाटेने अख्खे २३० येणार. आणि वाजवता वाजवता माणूस माइकजवळ तोंड नेतो, तो माइक दुसऱ्या बोर्डावर. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्वान्सीला स्टेजवरच असा गेला, एक हात तारांवर आणि दुसरा माइकला. हे मी पोराला मुद्दाम सांगितलं, ताईसमोर नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीवर गेलो. भिंतीतलं सॉकेट तीन पिनचं, अँपची पिन तीनची, मधे एक घरी बनवलेला एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्डाचे स्क्रू काढले तर आत वायर दोनच. टू कोअर. अर्थच्या पितळी भोकाला मागे काहीच जोडलेलं नाही, नवंकोरं चकचकीत. असे बोर्ड पुण्यात घरोघरी आहेत, माझ्या सासुरवाडीला पण होता. थ्री कोअर वायर टाकून बोर्ड नवा केला आणि इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीच्या सॉकेटला अर्थ खरंच येतोय का ते बघून घेतलं, जुन्या इमारतीत ते तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं. हे मीटर घालून बघणं सोपं दिसतं पण मेनवर आहे, ज्याला सवय नाही त्याने करू नये. झिणझिण्या गेल्या. मग ब्रिजची वायर परत जोडली.

आणि माझी चूक

आतापर्यंत मी मोठा शहाणा झालो होतो. कॅव्हिटीला, म्हणजे बॉडीतल्या वायरिंगच्या खोबणीला, आतून याने पोळ्या गुंडाळायची फॉइल लावली होती, फेविकॉलने. कल्पना चांगली, भोवती धातूचा डबा केला की बाहेरचा हम आत येत नाही. पण तो डबा सगळा मिळून एक हवा आणि ग्राउंडला हवा. इथे प्रत्येक तुकड्याखाली फेविकॉलचा थर, एका तुकड्यापासून शेजारच्या तुकड्यापर्यंत मीटर गप्प, आणि अॅल्युमिनियमला साधं सोल्डर चिकटत नाही म्हणून ग्राउंडची वायर नुसती फॉइलला टेपने चिकटवलेली. म्हणजे शोभा. मी ती सगळी खरवडून काढली आणि कॉपर टेप लावला, मागचा गोंद पण करंट नेणारा असतो तसला, कडा एकमेकांवर चढवून, तरी सांध्यांवर सोल्डरचे ठिपके, आणि एक वायर ग्राउंडला. कोपऱ्या-कोपऱ्यात मीटर लावला, सगळीकडे बीप. फार देखणं काम झालं होतं, फोटो पण काढला.

प्लेट बसवली, सहा स्क्रू आवळले, केबल लावली, अँप सुरू. चिडीचूप. हम सुद्धा नाही. एकदम मुकी गिटार म्हणजे हॉट कुठेतरी ग्राउंडला लागलंय. स्क्रू काढले, प्लेट उचलली, वाजतेय. बसवली, मुकी. उचलली, वाजतेय.

मला वाटलं स्विचचे पाय टेपला टेकतायत. ते खोलवर जातात, बरेचदा हाच प्रकार असतो. स्विचच्या बाजूला इन्सुलेशन टेप मारला, दोन थर. मुकी. व्हॉल्यूमचे पाय वाकवले. मुकी. सहा स्क्रू काढायचे, सहा लावायचे, सागवान असलं तरी भोकं किती वेळ सहन करणार. ताईचे दोन फोन येऊन गेले, जेवायला थांबलेत म्हणून. मग मी प्लेट बंद असतानाच मीटरची सुई जॅकच्या भोकात घालून आतल्या पत्तीला टेकवली आणि दुसरी बुडाला. ६.८ के. बरोबर! म्हणजे शॉर्ट नाही. केबल बदलून पाहिली. मुकी. तीन तास गेले यात, मी केबलवर संशय, अँपवर संशय, शेवटी लाइटच्या व्होल्टेजवर पण संशय घेऊन झाला.

भाचा पलंगावर आडवा होऊन बघत होता. म्हणाला, "मामा, तू पिन आत असताना मोज ना. पहिल्या दिवशी मोजलं होतंस तसं, केबलच्या टोकाला."

मोजलं. ०.०.

पिन उपसली, भोकातून मोजलं, ६.८. पिन घातली, टोकाला मोजलं, शून्य. जॅकमध्ये शेंड्याला धरणारी जी पत्ती असते ती पिन आत शिरली की बाहेरच्या बाजूला ढकलली जाते, दोन-तीन मिलिमीटर. प्लेट बंद असताना ती नेमकी कॅव्हिटीच्या भिंतीकडे तोंड करून होती, पिन घातली की जाऊन माझ्या देखण्या कॉपर टेपला चिकटत होती. मीटरची सुई बारीक, ती पत्तीला ढकलत नाही, म्हणून तिला सगळं आलबेल दिसलं. याच्या फॉइलच्या काळात पत्ती फॉइलला लागत असणारच, पण ती फॉइल ग्राउंडला नव्हतीच तर बिघडणार काय! मी नीट काम केलं म्हणून बिघडलं.

जॅकचं नट सैल करून तो पाव फेरा फिरवला, पत्ती मोकळ्या जागेकडे वळवली, दातेरी वॉशर टाकून नट करकचून आवळलं, शिवाय भिंतीच्या त्या जागेवर इन्सुलेशन टेपची चौकट. प्लेट लावली. पिन आत, केबलच्या टोकाला ६.८, ३.७, ८.१.

आता नेकवर वाजवताना हम थोडा आहेच, सिंगल कॉइल आहे, तो राहणार. माझ्या हॉलमधल्या पंख्याचा जुना डिमरसारखा रेग्युलेटर मधल्या स्पीडवर असला की त्यात एक चिरचिर मिसळते, पंखा फुल केला की जाते. भाच्याला सांगितलंय की स्टेजवर लाइटचे डिमर जवळ असतील तर ब्रिजच्या पिकअपवर वाजव.

निघायच्या आधी त्याने प्लेट परत एकदा उघडली, मी ओरडणार होतो, पण त्याने खिशातून मार्कर काढून आतल्या बाजूला लिहिलं: हिरवी हॉट, काळी ग्राउंड, लाल-पांढरी एकत्र, उघडी वेगळी. त्याखाली तीन आकडे. आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरात, "पिन घालून मोजणे (मामा)".